रचनेसाठी सरकवलेला आंबा

चिपळूण तालुक्यातल्या आमच्या सावर्ड्यात सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट असल्यामुळे गावाला चित्रकारांचं अप्रूप नाही. पऱ्याच्या काठी, मळ्याच्या बांधावर कुणी ना कुणी मांडीवर बोर्ड घेऊन बसलेलं असतंच. दुसऱ्या गावात लोक मागे उभे राहून "छान!" म्हणत असतील. आमच्याकडे विचारतात, "हा आंबा कुणाचा?"

प्रश्न रास्त आहे. कोकणात झाड नुसतं झाड कधीच नसतं. त्याला सातबाऱ्यावर पानभर हिस्सेदार असतात, शिवाय मे महिन्यात मुंबईहून उगवणारा एक चुलता. चित्रकाराला मात्र त्यात हिरव्याच्या छटा तेवढ्या दिसतात: फणस काळपट, काजू पिवळसर, आंब्याची कोवळी पालवी तर चक्क तांबूस.

पूर्वेकडच्या सह्याद्रीचं काम सोपं. निळ्यात भरपूर पाणी, ओल्या कागदावर एक सपाट हात, झाला डोंगर! मधली हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, म्हणून लांबचं ते निळं नि फिकट, असं शास्त्र सांगतं. लिओनार्दो दा विंचीनेही हे टिपून ठेवलंय. माझं मत जरा वेगळं आहे. इथून तिथले हिस्सेदार दिसत नाहीत, म्हणून डोंगर एवढा शांत वाटतो. जवळ गेलात, तर तिथेही कुणीतरी मोजणी आणलेली असणार.

परवा एक विद्यार्थी आमच्या वाडीमागे बसला होता. चित्र छान जमत आलं होतं. तेवढ्यात अण्णा आले, चष्मा पुसून वाकले आणि ताठ झाले.

"गडगा कुठाय?"

"आडवी रेघ नजरेला अडवते आजोबा, म्हणून गाळला."

त्या जांभ्याच्या गडग्यापायी अण्णांची निम्मी हयात कोर्टात गेलेली. पोराने तो एका ब्रशात निकाली काढला होता.

"आणि आंबा इकडे कसा?"

"तोल साधायला डावीकडे घेतला."

डावीकडे म्हणजे थेट शेजारच्या तात्यांच्या हद्दीत. अण्णांना शब्द सुचेना. तात्यांचं लक्ष पडवीतून होतंच. ते लगबगीने आले, चित्र निरखलं, आयुष्यात प्रथमच कलेची मनापासून तारीफ केली आणि खिशातून मोबाईल काढत म्हणाले,

"बाळा, खाली तारीख नि सही घाल. फोटो घेतो, वकिलाला दाखवायचाय."