काठ तयार आहे, नदी मागवली आहे

पुण्यात नदीकाठी फिरायला निघणारा माणूस आधी वाऱ्याची दिशा बघतो. वारा पात्राकडून येत असेल तर तो मुकाट्यानं टेकडीवर जातो.

मुठा खडकवासल्यापर्यंत नदी असते. तिथून तिचं पाणी कालव्यात आणि नळांत जातं आणि शहराची धुणीभांडी उरकून बऱ्याच ठिकाणी जसंच्या तसं पात्रात परततं. त्यामुळे उन्हाळ्यात काठावर उभा राहून निसर्ग न्याहाळणारा पुणेकर खरं तर आपलीच सकाळची आंघोळ बघत असतो.

महापालिकेनं यावर रामबाण उपाय शोधला: काठ सुधारायचा. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा अशा 44 किलोमीटरच्या काठांवर पायवाटा, सायकलमार्ग, बागा, घाट. खर्च सुमारे 4,700 कोटी. मैलापाणी शुद्ध करण्याचा, जपानच्या कर्जाचा प्रकल्प वेगळा. त्यात 11 केंद्रं, क्षमता रोज 396 दशलक्ष लिटर, करार 2016 सालचा. पण बंडगार्डनचा काठ आधी नटला. मोरी तुंबलेली असताना दिवाणखान्याला रंग देण्यात आपण वाकबगार आहोतच.

आदर्श अहमदाबादचा, वास्तुरचनाकारही तिथलेच, बिमल पटेल. पण साबरमतीला नर्मदेच्या कालव्यातून पाणी मिळतं. पुण्याच्या हाताशी नर्मदा नाही, म्हणून आराखड्यात बंधारे आले. पाणी बारमाही साचून राहील. डासांनी अद्याप हरकत नोंदवलेली नाही.

हरकती घेतल्या त्या माणसांनी. 2023 मध्ये झाडांसाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, चिपको झालं. येरवड्याजवळ सालीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे. तिथल्या शेकाट्यांना, तुतवारांना, धोबी पक्ष्यांना उथळ पाणी, चिखल आणि वाळुंजाची झुडपं लागतात. म्हणजे सुशोभीकरणवाले ज्याला राडारोडा म्हणतात, नेमकं तेच. पक्ष्यांनी आता बाकावर बसायची सवय करावी.

पावसाळ्यात खडकवासल्याचे दरवाजे उघडले की मात्र पुणेकर बोलावणं नसतानाही नदीकाठी येतो. भिडे पूल पाण्याखाली गेला, ही बातमी छापल्याशिवाय इथे पाऊस अधिकृत होत नाही. झेड ब्रिजवर छत्र्यांची गर्दी, मोबाइल वर, कणीस तोंडात. ना पायवाट लागते, ना सायकलमार्ग. जुलै 2024 मध्ये तर सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत नदीच सोसायट्यांच्या तळमजल्यावर शिरली.

जलसंपदा खातं यासाठीच नकाशावर दोन रेषा आखतं: 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत किती इमारती उभ्या आहेत, हे चालत चालत मोजायला नवी पायवाट फार सोयीची पडेल. सायकलवरून गेलं तर एखादी सुटायची.