थकबाकीदाराचे वडील

लेझीम खेळताना घोटा मुरगळला तर सांगलीत आंबेहळद-तुरटीचा लेप लावतात आणि वर चार माणसं हसतात. न्यू जर्सीत, मंडळाच्या गणपती मिरवणुकीत तोच घोटा मुरगळला, त्याचे २,३४० डॉलर झाले. त्यात एक एक्स-रे, बर्फाची पिशवी आणि ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला.

पैसे विमा कंपनीनं भरायचे होते. पण लायसन्स घरी राहिलेलं. म्हणून इमर्जन्सीच्या काउंटरवर बायकोनं माझ्या भारतीय पासपोर्टचा फोनमधला फोटो दाखवला. त्यावर ०७/०४ म्हणजे सात एप्रिल. इथं महिना आधी वाचतात. काउंटरवरच्या बाईंनी मला चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, जन्माला घातलं. विमा कंपनी म्हणाली, असा माणूस आमच्याकडे नाही. हॉस्पिटल म्हणालं, विमा कंपनीशी बोला. विमा कंपनी म्हणाली, हॉस्पिटलशी बोला. दोघांचंही होल्डवरचं संगीत मला तोंडपाठ झालं आणि बिल वसुली एजन्सीकडे गेलं.

नेमके तेव्हा अण्णा आमच्याकडे आलेले. अण्णांचा उभा जन्म सांगलीकडच्या एका पतसंस्थेत वसुली अधिकारी म्हणून गेला. एजन्सीचा पहिला फोन त्यांनीच उचलला. मी अंघोळीला गेलो होतो.

वसुलीवाल्यांसाठी अमेरिकेत १९७७ चा केंद्रीय कायदा आहे. सकाळी आठच्या आत आणि रात्री नऊनंतर फोन करायचा नाही, धमकवायचं नाही आणि कर्जाची गोष्ट तिऱ्हाइताला सांगायची नाही. सज्ञान मुलाचा बाप हा या कायद्यानं तिऱ्हाईत. पलीकडचा पोरगा “खासगी काम आहे” एवढंच घोकत राहिला. अण्णांनी त्याला संस्थेचं नाव, गाव आणि पगार विचारला. नाव तेवढं मिळालं.

“वसुलीचा माणूस आहे,” मी बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले. “पण कच्चा आहे. थकबाकी वडिलांना सांगायची नाही, तर सांगायची कुणाला? आमची निम्मी वसुली वडिलांकडूनच व्हायची.”

“आणि उरलेली?”

“जामीनदाराकडून. तुझा जामीनदार कोण आहे?”

“अण्णा, हॉस्पिटलला जामीनदार लागत नाही.”

“मग हे १०१ चा दाखला कुणावर काढणार?” सहकार कायद्याचं ते कलम इथं नाही म्हटल्यावर अमेरिकेबद्दलचं त्यांचं मत जे खाली आलं, ते नायगारा बघूनही वर गेलं नाही.

एजन्सीची नोटीस आल्यावर तीस दिवसांत ‘हे देणं मला मान्य नाही’ असं लेखी कळवलं, की पुरावा पाठवेपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. हे कळल्यावर अण्णांनी चष्मा मागवला. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ या थाटाचं इंग्रजी पत्र त्यांनी तोंडी सांगितलं, मी टाइप केलं. पत्र सर्टिफाइड मेलनं गेलं आणि सहीची हिरवी पोचपावती परत आली. ती त्यांनी पासपोर्टच्या पाकिटात ठेवली.

फोन थांबले. मला हलकं वाटलं, अण्णांना चुकल्यासारखं. सकाळी आठला ते फोनजवळ येऊन बसत. “पोराची नोकरी गेली नसेल ना?”

त्यांचं मन रमावं म्हणून मी सांगितलं, की इथं अशी जुनी येणी घाऊक विकली जातात. २०१६ साली जॉन ऑलिव्हर या टीव्हीवरच्या विनोदवीरानं सुमारे दीड कोटी डॉलरची दवाखान्यांची येणी साठ हजारांत विकत घेतली आणि माफ करून टाकली. अण्णांनी मनात भागाकार केला. “रुपयाला अर्धा पैसासुद्धा नाही! आणि लोकांकडे मागतात पुरा रुपया?” यात त्यांना विनोद कुठेच दिसला नाही. मलाही सांगता सांगता दिसेनासा झाला.

एजन्सीनं पुरावा म्हणून हॉस्पिटलच्या बिलाची प्रत पाठवली. त्यावर माझी जुलैतली जन्मतारीख ठळक छापलेली. इतके दिवस जी चूक फोनवर कुणी ऐकून घेत नव्हतं, ती आता कागदावर माझ्या हातात होती. लायसन्सची प्रत जोडून मी ती दोन्हीकडे धाडली. विमा कंपनीच्या ठरलेल्या दरानं २,३४० चे ६१० झाले. त्यातले माझ्या वाट्याला दीडशे.

“मग बाकीचे सतराशे तीस कुणी भरले?”

“कुणीच नाही. ते नुसते छापलेले असतात.”

“म्हणजे मुद्दलच खोटं?” अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या पोराला कमिशन मिळालं का?”

नसणार, म्हटल्यावर त्यांनी नोटिशीवरचा नंबर फिरवला आणि योगायोगानं तोच सापडला. प्रकरण मिटलं, तुझी काही चूक नव्हती, असं अण्णा त्याला समजावत होते. तो आपला नम्रपणे, कुठलं प्रकरण, कुणाचं प्रकरण, याबद्दल काहीही बोलायला नकार देत होता.

अण्णांनी फोन ठेवला. “तयार होतोय,” ते म्हणाले. “दोन वर्षं माझ्या हाताखाली पाहिजे होता.”