स्क्रॅचमधल्या एका लूपास अनावृत पत्र

‘पटावरची प्रत्येक चौकट तपास आणि रंगव’ असं सांगणाऱ्या लूपास,

नमस्कार लिहीत नाही. तो तू कमावलेला नाहीस.

गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा चौकटींच्या पटावरचा ‘गेम ऑफ लाइफ’ ऑक्टोबर १९७० मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरातून लोकांपुढे आला. जिवंत चौकटीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर ती जगते, मेलेलीला बरोबर तीन असले तर ती जिवंत होते. बाकी साऱ्या पुढच्या पिढीत मेलेल्या. एवढ्यातून बिल गॉस्पर यांची ३६ जिवंत चौकटींची ‘ग्लायडर गन’ निघाली. दर ३० पिढ्यांनी ती एक नवा ग्लायडर, म्हणजे पटावर सरकत जाणारा आकार, सोडते. स्क्रॅच या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वतः जोडलेल्या ब्लॉक्समधून तो सुटताना पाहण्याचा आनंद तू मुलांकडून हिरावून घेतोस, म्हणून हे पत्र.

तुझा पराक्रम मोजू. स्क्रॅचचा मंच ४८० बाय ३६० पिक्सेलचा. सहा पिक्सेलची चौकट धरली तर ८० बाय ६०, म्हणजे ४८०० चौकटी. मंचावर काही उमटलं की साधा लूप पुढच्या फेऱ्यासाठी पुढच्या फ्रेमची वाट पाहतो, आणि फ्रेम सेकंदाला ३०. तू एकेक चौकट रंगवत बसतोस. एका पिढीला १६० सेकंद! दोन ग्लायडरांमध्ये ८० मिनिटं. तोवर मूल ‘स्क्रॅच हळू आहे’ म्हणून उठून गेलेलं असतं. गुन्हा तुझा, बदनामी स्क्रॅचची.

तुझा साथीदार, चौकटीगणिक क्लोन (पात्राची नक्कल), तर त्याहून थोर. क्लोनची मर्यादा ३००. वीस पिक्सेलच्या ढोबळ चौकटी घेतल्या तरी ४३२ लागतात.

आणि ते शेजारी मोजणं! ओसाड गावात घरोघरी कडी वाजवत हिंडावं तसं तू ४८०० चौकटींचे आठ-आठ शेजारी तपासतोस: ३८,४०० वेळा चौकटींची यादी वाचणं. उलट जावं. फक्त जिवंत चौकटींनी आपल्या आठ शेजाऱ्यांच्या खात्यात एकेक मिळवावा. ३६ चौकटी, २८८ बेरजा. ही मोजणी वेगळ्या यादीत ठेवावी, कारण नियम सगळ्यांना एकाच क्षणी लागू होतो. जुनी पिढी अर्धवट बदलली की उत्तर चुकतं. पटाभोवती मेलेल्या चौकटींची एक कड ठेवली की यादी ५०८४ नोंदींची होते (स्क्रॅच दोन लाखांपर्यंत देतं), वरचा-खालचा शेजारी ८२ घरांवर सापडतो आणि काठावरच्या अटी लागतच नाहीत. पेनने रंगवायच्या त्या फक्त बदललेल्या चौकटी.

हे सगळं स्वतः बनवलेल्या एका ब्लॉकमध्ये घालून ‘रन विदाउट स्क्रीन रिफ्रेश’वर खूण केली की दर चौकटीमागे थांबणं बंद. ती खूण झाली की तुझी सद्दी संपते.

शिक्षकांनो, पालकांनो, मुलाचा प्रकल्प रेंगाळत असेल तर नवा संगणक घेण्याआधी ती खूण आहे का, तेवढं बघा.