झाकणाखालचं लोणी

नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांची गाडी ९ वर्षांत अवघी २० हजार किलोमीटर चालली आहे. नवा माणूस भेटला की पहिल्या पाच मिनिटांत ते ही गोष्ट सांगतात. काही लोक मुलाचं पॅकेज सांगतात, तशी. गाडी सकाळी दुधाला जाते, अकराला भाजीला आणि संध्याकाळी नातवाला क्लासला सोडते. तिन्ही फेऱ्या मिळून सहा किलोमीटर. "इंजिन अजून नवं करकरीत आहे," असं सांगताना ते बॉनेटवर असा हात फिरवतात, की समोरच्याला गाय आठवावी.

गेल्या डिसेंबरात निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या सुरू झाल्या आणि गृहस्थांनी थंडीच्या तयारीसाठी बॉनेट उघडलं. ऑईल टाकायचं झाकण सहज फिरवून पाहिलं, तर आतल्या बाजूला पिवळसर, घट्ट साय जमलेली. त्यांनी पत्नीला हाक मारली. तिने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "नऊ वर्षं घुसळताय. लोणी यायचंच."

शेजाऱ्यांनी मात्र तिथल्या तिथे 'हेड गॅस्केट गेलं, कूलंटचं पाणी ऑईलमध्ये शिरतंय' असं निदान केलं आणि खर्चाचा आकडाही सांगून टाकला. शेजाऱ्यांचं निदान नेहमी खर्चासकटच येतं.

गॅरेजवाल्याने गाडीला हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहिल्या. कूलंटच्या बाटलीतली पातळी जागेवर होती. डिपस्टिकवरचं ऑईलही तपकिरीच होतं, दुधाळ नव्हतं. "गॅस्केट शाबूत आहे काका. या सायीतलं पाणी पेट्रोलचं आहे."

"म्हणजे पंपवाला भेसळ करतो?"

पंपवाला निर्दोष होता. चोख पेट्रोल जळतानाही पाणी तयार होतंच, आणि तेही थोडंथोडकं नाही: एक लिटर पेट्रोलमागे जवळपास एक लिटर. ते बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंडीत सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून ठिबकतं ते हेच. पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये शिरते. इंजिन चांगलं तापलं की तिथूनही ती उडून जाते. न तापलं, तर गार झाकणाला लागून तिचं पाणी होतं, ते ऑईलमध्ये फेटलं जातं आणि लोणी तयार. डॅशबोर्डवरचा काटा चार-पाच किलोमीटरमध्ये मधोमध येतो खरा, पण तो कूलंटचा. ऑईल तापायला त्याहून बराच वेळ घेतं. दूध आणायला लागतात सहा मिनिटं. बिचारं ऑईल अंगावरचं पांघरूण काढेपर्यंत गाडी पुन्हा पोर्चमध्ये.

पाण्यावरच भागत नाही. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. ते सगळं जळत नाही. उरलेलं सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून ऑईलमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ करतं. आता इथे गृहस्थांचा दुसरा अभिमान आडवा आला. आपली गाडी ऑईल पीत नाही, हे ते दर महिन्याला डिपस्टिक पुसून सिद्ध करत. पातळी कधी घसरली नव्हतीच, उलट बोटभर चढली होती. त्यांना ती द्रौपदीची थाळी वाटत होती. तशी ही थाळी जगात इतरांनाही मिळालेली आहे. २०१८ च्या सुमाराला चीनच्या थंड उत्तर भागात एका बड्या जपानी कंपनीच्या टर्बो पेट्रोल गाड्यांमध्ये ऑईल असंच वाढू लागलं आणि कंपनीला लाखांनी गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

मग गृहस्थांनी ऑईलच घट्ट घालायचं ठरवलं. स्कूटरच्या काळापासून ते ऑईल दोन बोटांत चोळून पारखतात आणि त्यांच्या मते खरं ऑईल म्हणजे २०डब्ल्यू-५०. यातला डब्ल्यू वजनाचा नसून विंटरचा, हे त्यांना गॅरेजात कळलं. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑईल थंडीत वाहतं राहतं: ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशांवर घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ वर. नाशिकची थंडी यातल्या कुणालाच नापास करणार नाही, पण पहाटे आठ अंशांना घट्ट ऑईल इंजिनात वरपर्यंत पोचायला उशीर लावतं, आणि इंजिन झिजतं ते त्याच वेळात. त्यांचा पुतण्या विनिपेगला असतो. तिथे रात्री बॉनेटमधून लोंबणारी वायर बाहेरच्या प्लगला जोडून इंजिन गरम ठेवतात. त्याने फोटो पाठवला, तेव्हा काकांनी 'इलेक्ट्रिक गाडीबद्दल अभिनंदन' असं कळवलं होतं.

"मग रोज पोर्चमध्ये दहा मिनिटं चालू ठेवतो," गृहस्थ म्हणाले. तेही चुकीचं. उभ्या गाडीचं इंजिन सावकाश तापतं आणि तोवर पेट्रोल खाली उतरतच राहतं. गॅरेजवाल्याने ग्लोव्ह बॉक्समधलं, अजून प्लॅस्टिकमध्येच असलेलं गाडीचं पुस्तक काढलं आणि 'कठीण परिस्थितीतील वापर' हे पान दाखवलं. तिथे धुळीच्या शेजारीच जवळजवळच्या फेऱ्या लिहिल्या होत्या, आणि अशा गाडीचं ऑईल लवकर बदला, अशी सूचना. आपण कठीण परिस्थितीत जगतो, हे गृहस्थांना प्रथमच समजलं. किलोमीटर भरले नाहीत म्हणून त्यांनी दोन वर्षं ऑईल बदललंच नव्हतं.

ऑईल बदलून झालं. "आणि दर रविवारी त्र्यंबकेश्वरला जाऊन या," गॅरेजवाला म्हणाला.

"कोणता विधी करायचा?"

"विधी नको. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात, तेवढं पुरे."

काही रविवार चुकले, बरेचसे पाळले गेले. फेब्रुवारीत गृहस्थ गॅरेजात आले ते चेहरा पाडूनच. झाकणाखालचं लोणी गेलं होतं, पण त्र्यंबकहून आल्यावर डिपस्टिक पाहिली, तर आठवड्याभरात चढलेली पातळी पुन्हा मूळ खुणेवर उतरलेली. लांबच्या तापलेल्या फेरीत पेट्रोल आणि पाणी उडून गेलं होतं, एवढंच.

"बघा," ते म्हणाले, "नऊ वर्षं थेंबभर पीत नव्हती. तुम्ही देवाला पाठवलंत आणि ऑईल प्यायला लागली."