तारणहारातला 'यू'

आमच्या भंडारा जिल्ह्यात कॉन्व्हेंट काढायला नन लागत नाही, चर्च लागत नाही, ख्रिस्ती माणूसही लागत नाही. टिनाचं शेड, पिवळी गाडी, पोरांच्या गळ्यात टाय आणि भिंतीवर मिकी माउस, एवढ्यावर भागतं. देवीच्या नावाचं कॉन्व्हेंट आहे, महाराजांच्या नावाचं आहे, पुढाऱ्यांच्या मातोश्रींच्या नावाची तर विचारूच नका. मराठी माध्यमाची नाही ती शाळा म्हणजे कॉन्व्हेंट, ही व्याख्या तुमसरपासून लाखांदूरपर्यंत कुणालाही पटते. म्हणूनच अशा एका कॉन्व्हेंटच्या पुस्तक निवड समितीत अध्यक्षांनी जेव्हा सांगितलं की पहिली ते चौथीचं स्पेलिंगचं पुस्तक यंदा ख्रिश्चनच पाहिजे, तेव्हा सरस्वतीच्या फोटोखाली बसलेली सगळी मंडळी दचकली. बैठकीच्या नोटिशीत 'समीती' असं छापलं होतं, त्यानं मात्र कुणीच दचकलं नव्हतं.

अध्यक्षांची राईस मिल आहे, त्यामुळे तर्क रोखठोक. "कॉन्व्हेंट मनतो न जी आपन? मंग पुस्तक बी तसंच पायजे. पोत्यावर जय श्रीराम छापाचा अन् आत जाडा तांदूळ भराचा, हे आपल्याले जमत नाई." ख्रिस्ती पुस्तकाची बाजू जय श्रीराम तांदळाच्या आधारानं मांडणारा हा भारतातला पहिलाच वक्ता असावा. पण माणूस प्रामाणिक. कॉन्व्हेंट या शब्दाचा अर्थ मनावर घेणारा सबंध जिल्ह्यात तेवढाच एक निघाला.

त्यांचा भाचा अमेरिकेत. तिकडे पोरांना घरीच शिकवणारी पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं आहेत आणि त्यांच्यासाठी बायबलच्या धाग्यात ओवलेली स्पेलिंगची पुस्तकं निघतात. भाच्यानं यादी पाठवली. पहिलं नाव फ्लोरिडातल्या पेन्साकोलाचं, 'अबेका'. हॉर्टन दांपत्यानं १९७२ साली काढलेली संस्था, आणि नाव पडलं ते त्यातल्या बेकाबाईंवरून. बाईमाणसाच्या नावाची संस्था म्हटल्यावर समितीला एकदम घरच्यासारखं वाटलं. दुसरं केंटकीच्या मेनोनाइट मंडळींचं, 'रॉड अँड स्टाफ'. हे मेनोनाइट आपल्याला परके नाहीत, इकडे छत्तीसगडात धमतरीला त्यांचं मिशन १८९९ पासून आहे. नाव तेविसाव्या स्तोत्रातलं, मेंढपाळाची काठी आणि आकडी. 'काठी' ऐकताच समितीतले निवृत्त जिल्हा परिषद गुरुजी सावरून बसले. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं वर्गातून हाकललेली छडी निदान मुखपृष्ठावरून तरी परत येत असेल, तर त्यांचा बिनशर्त पाठिंबा होता.

घोळ घातला इंग्रजीच्या मॅडमनी. समितीत पुस्तक उघडून बघणाऱ्या त्या एकट्याच, आणि पगार सगळ्यात कमी त्यांचाच. त्या म्हणाल्या, "सर, यांच्या सेव्हियरमध्ये यू नाही."

आता आली पंचाईत. आपल्याकडे शिकवतात ते इंग्लंडचं स्पेलिंग, त्यात तारणहाराला यू लागतो. अमेरिकेत नोआ वेबस्टर नावाचे गुरुजी होऊन गेले. १७८३ साली त्यांनी स्पेलिंगचं पुस्तक काढलं, ते निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक पिढ्यान् पिढ्या पोरांनी घोकलं. पुढे १८२८ साली कोश केला. वेबस्टर पक्के धार्मिक, १८३३ साली त्यांनी बायबलचीही सुधारलेली आवृत्ती काढली. पण कलर, ऑनर असल्या शब्दांतला यू त्यांना खपेना. अमेरिकेनं तो वगळला, आणि तारणहारातलाही गेला. म्हणजे अमेरिकन ख्रिस्ती पुस्तक घोकून आमच्या पोरानं पेपरात तारणहार लिहिला, की तपासणारे सर लाल शाईनं गोल करणार.

"मंग इंग्लंडचं बायबल पाहा न जी, थे तं असल असंन," अध्यक्ष म्हणाले. तेही पाहिलं. १६११ साली राजा जेम्सच्या नावानं निघालेल्या त्या बायबलाच्या पहिल्या छपाईत खुद्द येशूचं नाव 'जे'नं नाही, 'आय'नं सुरू होतं. त्या काळी छपाईत जे अजून वेगळा रुळला नव्हता. अध्यक्ष बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "देवाचंच स्पेलिंग पक्कं नाई, अन् आपन पोट्ट्याइचे मार्क कापतो."

त्यात आणखी एक. अमेरिकेत स्पेलिंगची राष्ट्रीय स्पर्धा असते. १९८५ साली ती बालू नटराजन या मुलानं जिंकली आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत तर बहुतेक विजेते भारतीय आई-बापांचीच लेकरं. तिकडची पुस्तकं इकडे मागवायची आणि इकडची पोरं तिकडे स्पर्धा जिंकायची, असा हा व्यापार चालू आहे.

आमचं म्हणणं असं की ख्रिस्ती अभ्यासक्रम हवाच असेल तर पेन्साकोलापर्यंत जायची गरज नाही, नागपूर पुरे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली तिथं आला, १८४६ साली त्यानं शाळा काढली. पोरांना इंग्रजी शिकवण्याआधी हा गडी स्वतः मराठी शिकला. गोंडांत हिंडला, त्यांची गाणी आणि शब्द टिपून घेत बसला. १८६३ साली नदीनाल्याच्या पुरात तो बुडून गेला, आणि ती टिपणं १८६६ साली रिचर्ड टेंपलनं छापली. तिकडे पुण्यात मेजर थॉमस कँडी हा फौजी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात राबला. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेयही त्यालाच देतात. या लोकांना आमचे देव पसंत नव्हते, धर्म तर नव्हताच. बोली मात्र त्यांनी कान देऊन ऐकली.

आणि आमची कॉन्व्हेंटं? पहिलीतलं पोरगं घरून झाडीबोली घेऊन येतं. या बोलीत ण नाही, ळ नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी हयात घालवून तिचा अभ्यास केला, साहित्य संमेलनं भरवली. ते पोरगं वर्गात "मॅडम, पानी पिवाले जाऊ?" म्हणालं की पाच रुपये दंड. तहान इंग्रजीत लागायला हवी. बरं, मराठी तरी धड? साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आहेत एकूण अठरा, १९६२चे चौदा आणि १९७२चे चार. समितीतल्या कुणाला त्यांतला एक विचारा, 'समीती' कशी झाली ते समजेल.

शेवटी प्रश्न सोडवला तो नागपूरहून आलेल्या एजंटानं. पुस्तक दिल्लीचं, चकचकीत, चाळीस टक्के सूट. "ख्रिश्चन पाहिजे ना सर? पहिल्या पानावर प्रेअर टाकून देतो. मागच्या पानावर अध्यक्षांचा फोटो." ठराव एकमतानं मंजूर झाला. सूट शाळेला, पुस्तकाची पूर्ण किंमत पालकांना.

तेव्हा पालकहो, यंदा पोराचा दाखला करायला जाल तेव्हा पुस्तक कुठल्या धर्माचं हे विचारत बसू नका. मराठी बोलल्याबद्दल दंड भरावा लागला, तर मात्र पावती मागून घ्या. ती कुठल्या भाषेत लिहून मिळते आणि तिच्यात किती चुका निघतात, ते आम्हालाही कळवा.