बसाल तर दंड

रोममधल्या स्पॅनिश पायऱ्यांवर टेकलात की शिट्टी वाजते आणि पोलीस उठायला लावतो. २०१९ च्या उन्हाळ्यापासून इथे बसण्याला २५० युरो दंड आहे. घाण किंवा नुकसान केलंत तर तो ४०० युरोपर्यंत जातो. चढा, उतरा, फोटो काढा; बसू मात्र नका.

हा नियम चुकीचा आहे आणि रोमच्या नगरपालिकेनं तो मागे घ्यायला हवा.

टेकडीच्या माथ्यावर फ्रेंचांचं त्रिनिता देई मोंती चर्च, पायथ्याशी स्पॅनिश वकिलातीचा चौक आणि मधे उभा चढ. अठराव्या शतकात, १७२३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत, फ्रान्चेस्को दे सांक्तिसनं तिथे या पायऱ्या बांधल्या. नुसतं वर पोचवायचं असतं तर सरळसोट जिना पुरला असता. त्यानं पायऱ्या कुठे पसरवल्या, कुठे आवळल्या, दोन बाजूंना फाकवून पुन्हा एकत्र आणल्या आणि मधे रुंद मोकळ्या जागा सोडल्या. माणसानं इथे रेंगाळावं, हे त्या रचनेतच आहे.

लोक रेंगाळलेही. एकोणिसाव्या शतकात चित्रकारांसमोर बसून पोट भरणारी माणसं याच पायऱ्यांवर गिऱ्हाइकाची वाट पाहत बसत. कुणी पांढऱ्या दाढीचा म्हातारा, कुणी मूल कडेवर घेतलेली बाई. युरोपभरच्या संग्रहालयांत संत आणि देवमाता म्हणून टांगलेल्या कितीतरी चेहऱ्यांची उठबस इथली. चार्ल्स डिकन्सनं आपल्या इटलीच्या प्रवासवर्णनात त्यांच्याबद्दल लिहिलं आहे. पुढे १९५३ मध्ये ‘रोमन हॉलिडे’ या चित्रपटात ऑड्री हेपबर्ननं इथे आइस्क्रीम खाल्लं आणि या पायऱ्या जगाच्या ओळखीच्या झाल्या. ज्या रेंगाळण्यानं या जागेला नाव मिळालं, तेच आज गुन्हा ठरलं आहे.

आता पैशाकडे वळू. समोरच्या व्हिया कोंदोत्ती या रस्त्यावर जगातल्या महागड्या फॅशन कंपन्यांची दुकानं ओळीनं उभी आहेत. त्यांतल्या बुल्गारी या जवाहिऱ्यानं पायऱ्यांच्या सफाई-दुरुस्तीसाठी १५ लाख युरो दिले. सप्टेंबर २०१६ मध्ये काम पुरं झालं. काम उत्तम झालं, त्याबद्दल कंपनीचे आभारच मानायला हवेत. पण त्याच सुमारास कंपनीचे अध्यक्ष पाओलो बुल्गारी यांनी रात्री या पायऱ्यांना अडसर घालावा, असं जाहीरपणे सुचवलं. अडसर काही उभा राहिला नाही. तीन वर्षांनी बसण्यावरची बंदी मात्र आली. ती बंदी नगरपालिकेनं घातली, कंपनीनं नव्हे. म्हणूनच माझा राग नगरपालिकेवर आहे. पैसे देणाऱ्याला जागा नटलेली आणि मोकळी आवडणं स्वाभाविक आहे. जागा नांदती ठेवणं हे शहराचं काम.

जुलै २०२२ मध्ये याच पायऱ्यांवर व्हॅलेंटिनो या फॅशन कंपनीचा शो झाला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत मॉडेल उतरत आल्या, दृश्य देखणं होतं. त्याआधी जुलै २०१६ मध्ये फेंदी या दुसऱ्या फॅशन कंपनीनं रोममधल्याच त्रेवी कारंज्यावर पारदर्शक फळ्या टाकून मॉडेलना पाण्यावरून चालवलं होतं. फेंदीनं त्या कारंज्याच्या दुरुस्तीला वीस लाखांवर युरो दिले होते. एरवी त्या पाण्यात पाय बुडवला तरी दंड होतो. एका संध्याकाळच्या सोहळ्यानं दगड झिजत नसेल, तर प्रवासाला आलेल्या आजीच्या दहा मिनिटं टेकण्यानंही झिजत नाही.

नासधूस होते हे खरं आहे. मे २०२२ मध्ये एकानं या पायऱ्यांवरून मासेराती गाडी उतरवली. पुढच्याच महिन्यात दोन पर्यटकांनी भाड्याची स्कूटर खाली लोटली. दगडाचा टवका उडाला आणि दोघांना प्रत्येकी ४०० युरो दंड झाला. तो हवाच होता, माझ्या मते कमीच झाला. पण हिशेब बघा. बसणाऱ्याला २५०, फोडणाऱ्याला ४००. या दोघांत नगरपालिकेला दीडशे युरोंचाच फरक दिसतो.

पैसे देणाऱ्याचं मन राखावं लागतं, असं कुणी म्हणेल. तर २०१४ चा इटलीचा कायदा पाहा. सार्वजनिक वारशासाठी देणगी दिली की रकमेच्या ६५ टक्के करसवलत मिळते. म्हणजे या वाटेनं आलेल्या प्रत्येक शंभर युरोंतले पासष्ट सरकारी तिजोरीच सोसते. नाव देणगीदाराचं लागतं, पण मोठा वाटा जनतेचाच असतो. मग त्या जनतेनंच का उठायचं?

आपल्याकडे दान देताना हातावर पाणी सोडतात. त्यानंतर त्या वस्तूवर देणाऱ्याचा हक्क उरत नाही. या पायऱ्यांसाठी मूळ पैसा असाच आला होता. एतिएन गेफिए या फ्रेंच मुत्सद्द्यानं मृत्युपत्रात तो ठेवला होता. त्याचं नाव आज रोममध्येही फारसं कुणाला ठाऊक नाही आणि पायऱ्या ओळखल्या जातात स्पेनच्या नावानं. तीनशे वर्षं त्या पैशावर सारं जग बसलं.

युरोपातल्या शहरांत बसणं हळूहळू विकत घ्यायची गोष्ट होत चालली आहे. रोममध्ये कॉफी उभ्यानं प्यायलात तर एक दर, टेबलाशी बसलात तर दुसरा, अनेकदा दुपटीहून जास्त. पुण्या-मुंबईहून सहलीला जाणाऱ्यांत साठी ओलांडलेली मंडळी पुष्कळ असतात. दिवसभर दगडी रस्ते तुडवून त्यांचे गुडघे बोलायला लागतात. त्यांना सावलीतली फुकटची पायरी हवी असते. ती नाकारणारं शहर पाहुण्याला फक्त गिऱ्हाईक समजतं.

रोमनं काय करावं, ते अवघड नाही. कंपन्यांचे पैसे जरूर घ्यावेत आणि त्यांच्या नावाची पाटीही लावावी. मात्र वापराच्या नियमांत देणगीदाराच्या आवडीनिवडीला शिरकाव नको. फॅशन शोचं भाडं जाहीर करावं आणि त्यातून सफाई कामगार नेमावेत. सांडणाऱ्याला, खरवडणाऱ्याला, फोडणाऱ्याला जबर दंड करावा. आणि जो नुसता बसला आहे, त्याला बसू द्यावं.