चाकाचा नट सोडविण्याचा यथासांग विधी

या विधीला मुहूर्त पाहावा लागत नाही. टायर बसला की तोच मुहूर्त. स्थळ मात्र निवडून घ्यावे. बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरताना राजूर घाटाच्या वळणावर हवा गेली, तर रिमची माया न धरता सपाट जागेपर्यंत गाडी हळूहळू न्यावी. रिम नवी मिळते, यजमान मिळत नाही. मेहकर-सिंदखेडराजाच्या टापूत समृद्धी महामार्गावर असाल, तर हा विधी करूच नये. घरच्या मंडळींना कठड्यापलीकडे उभे करून मदतीला फोन लावावा.

साहित्य : गाडीबरोबर आलेला पाना, जॅक, दोन दगड, हातभर लोखंडी पाइप, गंज सोडविणारे तेल आणि प्रेक्षक. प्रेक्षक आणावे लागत नाहीत. हँडब्रेक ओढून, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकांना दगड लावेपर्यंत ते आपोआप जमतात.

आता जॅक. नव्हे, थांबा. नव्वद टक्के यजमान इथेच चुकतात, असे सांगायला मला कोणत्याही पाहणीची गरज नाही. चाक जमिनीला टेकलेले असतानाच सगळे नट थोडे ढिले करायचे. चाक उचलून मग जोर लावला, तर नटाऐवजी चाकच फिरते. गाडी जॅकवरून घसरली, तर विधीचे स्वरूपच बदलते.

नट अडकण्याची कारणे दोन. पहिले भौगोलिक. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. तिथे बोअरच्या पाण्याने दर रविवारी गाडी धुणारा माणूस चाकाला गंजाचा अभिषेकच करत असतो. दुसरे कारण म्हणजे हवेची गन. लहान गाडीच्या नटाला साधारण 100 न्यूटन-मीटर पीळ पुरतो, म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला सुमारे 34 किलोचा भार. गनवाला पोरगा मात्र फर्रर्र करून नट असा बसवतो, की जणू चाक पुन्हा कधी काढायचेच नाही.

पाना नटावर पूर्ण बसवून दांडा डावीकडे, आडवा ठेवावा आणि खाली दाबावा. 70 किलोचा माणूस टोकावर सावकाश भार देईल, तर 200 न्यूटन-मीटर सहज भरतात. दांड्याला पाइप घालून लांबी दुप्पट केली, की पीळही दुप्पट. उड्या मारू नयेत. पाना निसटतो, नटाच्या कडा गोल होतात आणि मग बारीक सॉकेट ठोकून बसवणारा मिस्त्री शोधत फिरावे लागते.

याच वेळी प्रेक्षकांतून आवाज येतो, “भाऊ, उलटं फिरवून राह्यले तुमी!” विचलित होऊ नये. घड्याळाच्या उलट दिशेनेच नट सुटतो. विलीज जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत. तशी जीप तुमच्याकडे असेल, तर मात्र तो भाऊ बरोबर आहे. दुसरा भाऊ म्हणेल, “जाळ लावा ना बाप्पा!” टायरशेजारी जाळ लावायचा नसतो. आट्यांवर तेल मारून, नटाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि पंधरा-वीस मिनिटे चहा घ्यावा. भेंडवळच्या घटमांडणीत पावसाचे आणि पिकाचे भाकीत मिळते. नट कधी सुटेल ते तेलच जाणे.

‘कट्’ असा आवाज आला, की बहुधा नट सुटला. (बोल्ट तुटल्याचा आवाजही तसाच असतो.) मग जॅक, मग स्टेपनी. स्टेपनीत हवा आहे का, हे घरून निघताना पाहायचे असते.

बसवताना नट हाताने सुरू करावेत, समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि शेवटचा पीळ चाक खाली टेकवून द्यावा. पाइप आता डिकीत ठेवा. आवळायला तो वापरायचा नाही. पंक्चरवाल्यालाही सांगा, “दादा, गन नुसती टेकव, शेवटचं पान्यानं कर.” नट 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे असतात. बुलढाण्याहून शेगावला निघाला असाल, तर पोचल्यावर दर्शनाच्या रांगेत लागण्याआधी ते एकदा आवळून घ्या.